समाजकार्याची पदवी : सेवेच्या शिक्षणाचा शंभर वर्षांचा प्रवास

आपल्या महिला मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला, की स्मरणिकेची गडबड सुरू होते. कोणी पाककृती देते, कोणी ओव्या उतरवून देते, कोणी वर्षभराच्या कार्याचा अहवाल लिहिते. यंदा चिटणीस भगिनींनी माझ्याकडे काहीतरी इतिहासाचे लिहून मागितले. विषय शोधण्यास मला दूर जावे लागले नाही. आपल्यापैकीच एकीने तो संक्रांतीच्या हळदीकुंकवात माझ्यापुढे ठेवला होता.

माझी पुतणी बारावीनंतर समाजकार्याच्या पदवीच्या अभ्यासाला गेली आहे. त्याला सारे बी. एस. डब्ल्यू. म्हणतात. तिची चौकशी निघाली तेव्हा शेजारच्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘काकू, समाजसेवा करायला कॉलेज कशाला लागतं? आपण तर जन्मभर तीच करत आलो. बाळंतिणीला धावलो, मयताला धावलो, कुणाच्या चुलीत जाळ नाही म्हटलं की पीठ नेऊन दिलं. त्याला तीन वर्षं शिकायचं काय?’’ सगळ्याजणी हसल्या. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलीची तीन वर्षे आणि बापाचे पैसे जेथे खर्ची पडणार, तेथे असा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर मी माझ्या परीने इतिहासात शोधले. ते भगिनींपुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही, की त्या बाईंचे म्हणणे अर्ध्याहून अधिक खरे आहे. महाराष्ट्रात समाजकार्य महाविद्यालयांच्या आधी आले, आणि ते पुष्कळसे बायकांनी केले. सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकविले, फसलेल्या विधवांची बाळंतपणे आपल्या घरी केली, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करताच त्यांचा अंत झाला. त्यांना कोणी पदवी दिली नव्हती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. त्याच वर्षी अमेरिकेत शिकागो शहरी जेन अॅडम्स या बाईंनी गरीब वस्तीत ‘हल हाउस’ नावाचे घर थाटले आणि वस्तीतल्या लोकांबरोबर त्या तेथेच राहू लागल्या. जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी दोन बायकांना जवळजवळ सारखीच गोष्ट सुचावी, याचे मला मोठे नवल वाटते.

परंतु या कामात जसजसे दिवस गेले, तसतसे एक ध्यानी आले. मन कितीही मोठे असले तरी हात शिकलेले नसतील तर काम अडते. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढले, तेव्हा त्यांना हे नीट उमगले होते. घरंदाज विधवांनी परिचारिकेचे काम शिकावे यासाठी त्यांनी ससून रुग्णालयाच्या मदतीने वर्ग चालविले. परक्या पुरुषाच्या आजाराला हात लावणे हे त्या काळी केवढे अब्रह्मण्य! पण रोग्याच्या उशाशी रडणारी बाई आणि त्याचा ताप पाहून वेळेवर औषध देणारी बाई यांच्यातला फरक लोकांना हळूहळू पटला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या सेवेच्या शिक्षणाचा पाया येथे घातला गेला.

त्याच सुमारास पुरुषमंडळीही या कामात उतरली होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापिला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. गिरणगावातल्या चाळींत रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविता चालविता लीगला अनुभव आला, की हौशी स्वयंसेवक उत्साहाने येतात आणि काम कसे करावे हे न कळल्यामुळे लवकरच थकतात. म्हणून १९२० च्या सुमारास लीगने स्वयंसेवकांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग घेतला. आपल्या देशात समाजकार्य शिकविण्याचा पहिला प्रयत्न म्हणून त्या वर्गाचा उल्लेख होतो. तिकडे न्यूयॉर्कमध्ये १८९८ ला उन्हाळी वर्ग निघाला होता आणि १८९९ ला हॉलंडमध्ये अॅमस्टरडॅमला या विषयाची स्वतंत्र शाळा सुरू झाली होती. म्हणजे आपण फार मागे नव्हतो.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. मुंबईत नागपाडा नावाची वस्ती आहे. नाना जातींचे, नाना धर्मांचे, मजुरीवर जगणारे लोक तेथे दाटीवाटीने राहात. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये त्या वस्तीत ‘नेबरहुड हाउस’ सुरू केले. ‘शेजारघर’ हा त्याचा साधा अर्थ. तेथे काम करताना मॅनशार्टसाहेबांना शिकलेल्या कार्यकर्त्यांची उणीव सारखी भासे. १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीला दिली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. या निधीच्या पैशातून १९३६ मध्ये नागपाड्यातच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही देशातली पहिली समाजकार्याची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते आणि शिक्षण दोन वर्षांचे होते. आज ज्या संस्थेला आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो, तिचा हा जन्म. १९४४ मध्ये तिचे नाव बदलले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली, १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या शाळेने काय साधले ते पाहण्यासारखे आहे. १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. खोडकर, मुका-मुका राहणारा, चोऱ्या करणारा मुलगा वाईटच असतो असे न मानता, त्याच्या घरात आणि मनात काय चालले आहे ते पाहावयाचे, हा विचार आपल्याकडे तेव्हा नवा होता. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती नेमणूक झाली. डॉक्टर औषध लिहून देतो. पण ते आणावयास पैसे आहेत का, रोगी घरी गेल्यावर त्याला कोण पाहील, हे विचारणारे माणूस रुग्णालयात असावे, ही गोष्ट त्या दिवसापासून मान्य झाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. जे काम दयाबुद्धीवर अवलंबून होते, ते अशा रीतीने कायद्यात आणि पगारपत्रकात आले.

पण हे सारे झाले मुंबईत, इंग्रजीत, आणि आधीच पदवीधर असलेल्यांसाठी. आपल्याकडच्या बारावी झालेल्या मुलीपर्यंत ते कसे पोहोचले?

येथे पुन्हा बायकांचेच हात दिसतात. मुंबईत १९५५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या ख्रिस्ती भगिनीसंघाने निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय काढले. नागपूरला कमलाबाई होस्पेट यांची कथा तर प्रत्येक मुलीला सांगावी अशी आहे. लहान वयात वैधव्य आलेल्या या बाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये मातृसेवा संघ स्थापून गरीब बाळंतिणींसाठी सूतिकागृह चालविले. त्याच संघाने १९५८ मध्ये नागपूरला समाजकार्याची शिक्षणसंस्था सुरू केली. पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था निघाली, ती ज्या महर्षींनी विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले त्यांच्या नावाने. या तिन्ही संस्थांचे मूळ स्त्रियांनी केलेल्या किंवा स्त्रियांसाठी झालेल्या कामात आहे. पुढे राज्यात अशी महाविद्यालये वाढत गेली, पदव्युत्तर शिक्षणाच्या जोडीला बारावीनंतरची पदवी आली, आणि हे शिक्षण जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचले.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट निराळी. नागपाड्याला शाळा निघाली त्या वर्षी आपला भोकरदन भाग निजामाच्या राज्यात होता. मुलांच्याच शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेथे मुलीच्या महाविद्यालयाची गोष्ट कोण काढणार! १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जालना जिल्हा तर १ मे १९८१ चा. ज्या गोष्टी पुण्या-मुंबईस आजीच्या काळी झाल्या, त्या आपल्याकडे नातीच्या काळी आल्या. आपल्या मुली मागे राहिल्या असे कोणी म्हणाले, की हा हिशेब मी त्यांच्यापुढे ठेवते.

तरी खेडी अगदीच कोरडी राहिली नाहीत. १९५२ च्या २ ऑक्टोबरला देशात समूह विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर ग्रामसेवक व ग्रामसेविका गावात येऊ लागले. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. त्या आंध्रच्या कन्या, परंतु आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चिंतामणराव देशमुखांशी विवाह झाल्यामुळे महाराष्ट्राच्या सूनबाई. त्या मंडळाने खेड्यातल्या बालवाड्या, शिवणवर्ग, प्रसूतिसेवा यांना हात दिला. गावोगावी महिला मंडळे त्या काळी निघू लागली, आणि आपल्या मंडळाचे गोत्रही तेच. त्याआधी कस्तुरबा स्मारक निधीने ग्रामसेविकांना शिक्षण देण्याचे काम हाती घेतले होते. महाराष्ट्रात सासवडला प्रेमाबाई कंटकांनी ते चालविले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्यातून आपली अंगणवाडी. तेव्हा समाजकार्याचे शिक्षण आणि महिला मंडळ ही दोन वेगळ्या घरची माणसे नव्हेत. एक शहरात वाढले, एक खेड्यात, एवढेच.

१९८६ मध्ये टाटा संस्थेने तुळजापुरास आपले ग्रामीण केंद्र उघडले आणि मराठवाड्याच्या मातीत हे शिक्षण रुजू लागले. त्यानंतर सातच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मदत साऱ्या देशातून आली. परंतु मदत येणे निराळे आणि ती ज्याची त्याला पोहोचणे निराळे. कोणाचे घर किती पडले, कोणत्या घरात एकटी म्हातारी उरली, अनाथ पोर कोणाकडे आहे, हे घरोघर बसून विचारावे लागते आणि लिहून ठेवावे लागते. दुःखात बुडालेल्या माणसाला प्रश्न कसा विचारावा, हेही शिकावे लागते. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्या दिवसांत असे काम केले. शिकलेल्या सेवेचा उपयोग मराठवाड्याने तेव्हा प्रत्यक्ष पाहिला.

आता या पदवीत शिकवितात तरी काय, ते थोडक्यात सांगते. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, योजना हे विषय आहेतच. मुख्य विषय कामाच्या पद्धतींचे. एका माणसाची अडचण त्याच्याशी बोलून, त्याच्याच बळावर सोडविणे, याला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात. बचत गटासारख्या गटाला बांधून चालविणे हे गटकार्य. साऱ्या वस्तीने पाण्यासाठी किंवा रस्त्यासाठी एकत्र यावे यासाठी झटणे हे समुदाय संघटन. आणि या सगळ्यांचा प्राण म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले ठरलेले दिवस वर्गात न बसता वस्तीत, रुग्णालयात, शाळेत किंवा एखाद्या संस्थेत काम करावयाचे; जे पाहिले, ऐकले, केले ते लिहून काढावयाचे; आणि मार्गदर्शक शिक्षकांपुढे ठेवावयाचे. शिक्षक विचारतात, ‘‘तू असे का म्हणालीस? त्या बाई गप्प झाल्या तेव्हा तू काय केलेस?’’ डॉक्टरला जसे रुग्णालय, तशी या मुलींना वस्ती.

माझ्या पुतणीने महिनाभराच्या सलग क्षेत्रकार्यासाठी आपले गाव मागून घेतले. आपले गाव रेणुकाईचे, तसे मिरचीचेही. हंगामात येथला मिरचीचा बाजार किती चालतो हे सांगावयास नको. पोरगी पहिल्या दिवशी तोडणीच्या बायकांबरोबर शेतात गेली. दुपारपर्यंत तिचे हात भगभगू लागले. संध्याकाळी ताकात हात बुडवून बसली. मग वहीत लिहिले : रोज किती, ने-आण कोण करते, तान्ही पोरे कोठे ठेवतात, हाताची आग झाल्यावर रात्री स्वयंपाक कोण करते. हे सारे आपण जन्मभर पाहतो. पण ते कोणी लिहिलेले मी तरी पूर्वी पाहिले नव्हते.

त्या बायकांत एक विधवा भगिनी होती. तिची ओळख पटेल असे काही मी लिहीत नाही, कारण पुतणीने तशी ताकीद दिली आहे. दुसऱ्याचे दुःख चव्हाट्यावर मांडू नये, हा तिच्या अभ्यासातला पहिला धडा. आपण काहीजणी त्या भगिनीला सणावाराला धान्य देत असू आणि ते योग्यच होते. भुकेला उद्या म्हणून सांगता येत नाही. पुतणी तिच्याकडे तीनदा नुसती जाऊन बसली. चौथ्या वेळी बाई आपणहून बोलली. निराधारांसाठी शासनाची संजय गांधी योजना १९८० पासून आहे, तिचा अर्ज तिने केला होता, आणि तो कागदावाचून परत आला होता. नवरा ऊसतोडीला परमुलखात गेला असताना तेथेच वारला. त्याच्या मृत्यूची नोंदच कोठे झाली नव्हती. नोंद आपल्या गावात होत नाही, जेथे माणूस वारला तेथे करावी लागते. आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते.

मला वाटले, आता पोरगी पळापळ करून दाखला आणून देईल. तिने तसे केले नाही. कोणकोणते कागद लागतात त्याची यादी केली, टोळीतले दोन साक्षीदार बाईकडूनच शोधविले, आणि कचेरीत बाईला पुढे करून स्वतः मागे उभी राहिली. ‘‘काकू, मी महिन्याने जाणार. पुढच्या वेळी त्यांना एकटीला जाता आलं पाहिजे,’’ असे ती मला म्हणाली. आदेश झाला आणि दाखला हाती आला. अनुदानाचा अर्ज पुन्हा गेला आहे, तो अद्याप मंजूर व्हावयाचा आहे. पण जी बाई मंडळात यावयास संकोचत होती, ती परवा दुसऱ्या एकीला घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘हिच्याही कागदाचं बघायचंय. कुठं जायचं ते मला ठाऊक आहे.’’ शेजारच्या बाईंच्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मला देता येणार नाही. पीठ नेऊन देणे आपल्याला येते. ज्या कारणाने पीठ संपते ते शोधणे, आणि त्या माणसाला आपल्या पायांवर उभे राहू देणे, हे मात्र शिकावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही पदवी घेतली की लगेच पक्की नोकरी असे नाही. पुष्कळ जागा कंत्राटी असतात, पगार कामाच्या मानाने थोडा असतो, आणि डॉक्टर-वकिलांसारखी देशभर सर्वांना लागू होणारी नोंदणी या व्यवसायाला अजून मिळालेली नाही. चांगली पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत, त्यामुळे खेड्यातून गेलेल्या मुलीला पहिले वर्ष जड जाते. शिवाय मुलगी वस्त्यांतून हिंडते म्हणून नातलग नावे ठेवतात ते वेगळेच. रमाबाई रानड्यांच्या परिचारिकांनाही लोकांनी नावे ठेवली होती. आज त्याच लोकांची पणतवंडे मुलीला नर्सिंगला जागा मिळावी म्हणून धडपडतात. पदवीने कोणाला मन मिळत नाही हेही खरे; ते घरातून, आईकडून, तुमच्यासारख्या शेजारणींकडून घेऊन जावे लागते.

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या ठेवते. एक, जवळच्या समाजकार्य महाविद्यालयाला पत्र लिहून, क्षेत्रकार्यासाठी दरवर्षी दोन विद्यार्थिनी आपल्या गावी पाठविण्याची विनंती करावी. त्यांच्या राहण्याजेवणाचे आपण पाळीने पाहू. दुसरी, मंडळाने एक जाड वही घालावी आणि कोणत्या भगिनीचे कोणते काम कोठे अडले, पुढे काय झाले, हे त्यात तारीखवार लिहावे. ती वही कपाटात कुलूप लावून ठेवावी. तिसरी, गावातली एखादी मुलगी या शिक्षणाला जाते म्हणाली, तर तिच्या घरी मंडळातल्या दोघींनी जाऊन तिच्या आईवडिलांशी बोलावे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या चाळीत सहा आठवड्यांच्या वर्गाने सुरू झालेले हे शिक्षण आपल्या उंबऱ्यापर्यंत आले आहे. त्याला पाट मांडून बसवावे, एवढेच माझे सांगणे. श्रीरेणुकाईच्या कृपेने आपल्या मंडळाच्या हातून असेच कार्य उत्तरोत्तर घडत राहो, ही प्रार्थना करून लेखणी खाली ठेवते.